दीड लाखाचा गेमिंग पीसी, पाचशे रुपयांचा कूलर

तयार गेमिंग पीसी विकणारा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम ठळक अक्षरांत छापतो. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर कोणता बसवलाय, यावर मात्र मौन. माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली. ती कशी झाली ते सविस्तर लिहितोय, कारण ती करणाऱ्यांनी नंतर जी ‘दुरुस्ती’ केली ती मूळ फसवणुकीपेक्षा हुशारीची होती.

मी नागपूरला राहतो. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीकडून पीसी ऑनलाइन मागवला. इंटेलचा कोअर आय७-१३७००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, जीएसटीसकट दीड लाखाच्या आसपास. पानावर ‘हाय परफॉर्मन्स गेमिंग कूलर’ असं लिहिलेलं, आणि फोटोत उष्णता वाहून नेणाऱ्या चार नळ्यांचा (हीट पाइप) ऐसपैस उभा टॉवर कूलर. फोटोखाली बारीक अक्षरांत ‘चित्रे केवळ संदर्भासाठी’. बिलावर सुट्या भागांची यादी नव्हती, नुसतं ‘गेमिंग पीसी, १ नग’. या ‘१ नग’चा अर्थ पुढे तक्रार करताना कळला.

लक्षण असं होतं. गेम सुरू केला की पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत. मग फॅनचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा चढायचा आणि चित्र अडखळायला लागायचं. ग्राफिक्स कार्डावर संशय येणं साहजिक होतं, पण कार्ड ६५ अंशांवर निवांत होतं आणि त्याचा वापर उलट निम्म्यावर घसरत होता. म्हणजे कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून बघितलं तर प्रोसेसर १०० अंशांवर, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ समोर लाल अक्षरांत ‘येस’. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोहोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. पाच गिगाहर्ट्झच्या आसपास धावायला हवा, तो तीनच्या घरात रेंगाळत होता.

कंपनीला फोन केला. “सर, गेमिंग पीसी है, गरम तो होगा ही. ऊपर से आपका नागपूर.” आता, नागपूरचा मे महिना मी नाकारत नाही. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं, हेही खरं. म्हणून रात्री एसी २४ वर ठेवून गेम लावला आणि सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकून स्कोअर देणारी चाचणी, लावली. पुन्हा १००. मग बाजूचं झाकण काढून लावली, तेव्हा आकडा काही अंशांनी उतरला, पण अडखळणं गेलं नाही. म्हणजे कॅबिनेटमध्ये हवा कोंडत होती हा एक दोष, आणि कूलरच अपुरा हा त्याहून मोठा.

झाकण उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढला, सीलसकट. आत फोटोतला टॉवर नव्हता. होता तो तळहाताएवढा गोल ॲल्युमिनियमचा ठोकळा, मधे तांब्याचा गाभासुद्धा नाही, वर रंगीत दिव्यांचा फॅन. चार प्लॅस्टिकच्या पिनांवर तो बसवतात. त्यातली एक पिन मदरबोर्डात पूर्ण शिरलेलीच नव्हती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात उचललेला. काढून पाहिला तर त्या कोपऱ्याखालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) दाबलीच गेली नव्हती. पुढच्या बाजूला तीन फॅन ऐटीत चमकत होते, पण त्यांच्यापुढे अखंड काच आणि हवा आत यायला कडेने बोटभर फट. मागे गरम हवा बाहेर फेकणारा फॅन नाहीच. ज्याने हे जोडलं तो दिवा मात्र एकही विसरला नव्हता.

तसाच कूलर मला ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांना दिसला. या प्रोसेसरवर ‘६५ वॉट’ लिहिलेलं असतं आणि विक्रेते त्याच आकड्याच्या आड लपतात. पण ती झाली मूळ वेगाला लागणारी वीज. पूर्ण वेगात जाताना इंटेलनेच त्याची कमाल २१९ वॉट दिलेली आहे. जाहिरातीतला ५.२ गिगाहर्ट्झ हा त्याचा कमाल वेग, ६५ वॉटचा मूळ वेग २.१ आहे. प्रोसेसर खोक्यातला असता तर त्यासोबत निदान इंटेलचा स्वतःचा कूलर आला असता. पण सुटे भाग जोडून पीसी विकणारे बरेच जण ‘ट्रे’, म्हणजे खोक्याशिवाय सुटा येणारा, प्रोसेसर घेतात. तो थोडा स्वस्त पडतो आणि त्यासोबत कूलर येत नाही. वाचवलेले पैसे त्यांचे, ताप आपल्याला.

फोटो पाठवल्यावर त्यांनी मशीन परत मागवलं. आलं तेव्हा सोबत चिठ्ठी, ‘कूलिंग इश्यू रिझॉल्व्ह्ड’. चाचणी लावली, ७० अंशांच्याही खाली. क्षणभर बरं वाटलं. पण सिनेबेंचचा स्कोअर आला तो तापलेल्या अवस्थेतल्या स्कोअरपेक्षाही कमी! झाकण उघडलं तर आत तोच कूलर; पिन तेवढी बसवली होती. मग बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग्ज, उघडलं. प्रोसेसरने किती वीज घ्यावी याच्या तिथे दोन पॉवर लिमिट असतात, एक दीर्घकाळाची आणि एक थोड्या वेळाच्या उसळीची. दोन्ही ६५ वॉटवर बांधून टाकल्या होत्या. आकडा खाली आणण्यासाठी प्रोसेसरच लंगडा केला होता. ज्याने फक्त तापमान बघितलं असतं त्याने त्यांना पाच तारे दिले असते.

हे विचारल्यावर नवीन कारण निघालं, की इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत मुळातच घोळ आहे. घोळ होता, हे खरं. तो जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू बिघडण्याचा, गेम आणि विंडोज कोसळण्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) दिला आणि खोक्यातल्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण उचललेल्या कूलरशी त्याचा काय संबंध? खऱ्या बातमीच्या आड खोटी सबब लपवणं, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

मी शेवटी अडीच-तीन हजारांचा टॉवर कूलर आणि मागचा एक फॅन घेतला, लिमिट पुन्हा वर नेली. गेममध्ये आता प्रोसेसर सत्तरीच्या वर फारसा जात नाही, तेही याच नागपुरात. पैसे परत मागितले तर ‘पुढच्या खरेदीवर’ कूपन देऊ म्हणाले. पुढची खरेदी! १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तरी कूपनच. तेव्हा ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठल्याही शहरातला असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पानाचा स्क्रीनशॉट, झाकण उघडतानाचा व्हिडिओ आणि बायोसचे फोटो, एवढं जोडलं. खरेदीच्या वेळचा स्क्रीनशॉट नसता तर त्या ‘१ नग’वरून काही सिद्ध करणं कठीण होतं.

तुम्ही घेणार असाल तर कूलरचं, मदरबोर्डचं आणि एसएमपीएसचं (वीज पुरवणाऱ्या भागाचं) मॉडेल बिलावर लिहून मागा, प्रोसेसर ट्रेचा की खोक्यातला तेही. लिहून देत नसतील तर दुसरं दुकान बघा. मशीन आलं की परत करायची मुदत संपायच्या आत सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी लावा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून तापमान, वेग आणि वॉट हे तिन्ही एकत्र बघा. दुरुस्त होऊन आलेल्या मशीनवर तर आधी वॉट बघा. माझ्या तक्रारीत कंपनीला नोटीस निघाली आहे. त्यांचं उत्तर आलं की इथेच लिहीन.