डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला: एका मदत कक्षाची पारख

दहावीनंतर पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी नको, सीईटी नको. डिप्लोमाला किमान 45 टक्के (राज्यातल्या मागास प्रवर्गांना 40) असले की कॅपचा (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) अर्ज भरता येतो. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांची फी ज्या घरांना झेपत नाही, त्यांना मराठवाड्यात हीच वाट जवळची. वाट सरळ आहे, पण तिच्यावर खिडक्या फार. तंत्रनिकेतन, सुविधा केंद्र, तहसील, नवं कॉलेज, आणि जिथं जाल तिथं एकच उत्तर: "ते आमच्याकडं नसतं."

गोदाकाठच्या एका जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनाने या खिडक्यांसाठी जो मदत कक्ष चालवला आहे, त्याची ही पारख. संस्थेचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

खोली साधीच. दोन संगणक, एक स्कॅनर, इन्व्हर्टर, भिंतीला लागून एक बाक. माणसं पाच: एक अधिव्याख्याता, दोन क्लार्क, एक प्रयोगशाळा सहायक, एक शिपाई. दार सकाळी साडेआठला उघडतं, कारण गावाकडची पहिली एसटी सव्वाआठला स्टँडवर लागते. आधी ही वेळ साडेदहाची होती. बदलली ती एका वहीमुळे, आणि कक्षाचं खरं सामान म्हणजे ही वहीच.

दोनशे पानी आडवी वही, काउंटरच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली. कुणाला परत पाठवायचं झालं की आधी तिच्यात एक ओळ लिहायची: तारीख, काय कमी पडलं, कुठं पाठवलं, पोरगं कितव्यांदा आलंय. विद्यार्थ्याचं नाव नाही, पाठवणाऱ्याचंही नाही. "नॉन-क्रिमीलेअर, मुदत मार्चला संपलेली, तहसीलला, दुसऱ्यांदा." झालं. शुक्रवारी चार वाजता दार लोटून पाचही जण पाऊण तास बसतात आणि फक्त 'दुसऱ्यांदा', 'तिसऱ्यांदा' लिहिलेल्या ओळी वाचतात. पहिला हेलपाटा विद्यार्थ्याच्या चुकीने पडला असेल. दुसरा पडला म्हणजे पहिल्या वेळी आपण अर्धवट सांगितलं, असं धरूनच बोलायचं, हा तिथला नियम. प्राचार्य शेवटच्या दहा मिनिटांत येतात, ठरलेल्या बदलांवर सही करायला. हे फार शहाणपणाचं आहे. साहेब समोर असले की शिपाई तोंड उघडत नाही, आणि रांगेत कोण कशासाठी ताटकळतंय ते त्यालाच ठाऊक असतं.

या बैठकांतून काय हाती आलं ते पाहिलं की वहीची किंमत कळते.

मोबाइल नंबरचं प्रकरण घ्या. बरेच अर्ज गावच्या नेट कॅफेत किंवा सेतूवर भरले जातात आणि दुकानदार घाईत स्वतःचाच नंबर टाकतो. ऑनलाइन छाननीत त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. निरोप मात्र दुकानदाराच्या फोनवर, आणि ओटीपीही तिथंच. पोराला वाटतं अर्ज मंजूर झाला, आणि इकडं मुदत संपते. वहीत ही ओळ वेगवेगळ्या शब्दांत वारंवार दिसायला लागल्यावर कक्षाने बाकाशेजारी फळा लावला: "नंबर तुझा, ईमेल तुझा, पासवर्ड तुझ्या डायरीत." शिवाय अर्ज आधीच भरलेला असेल तर पहिल्या भेटीत सर्वात आधी नंबर तपासला जातो, कागद नंतर.

दुसरं, नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातल्या घराचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच्या पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत ते वैध लागतं. दहावीनंतर काढलेलं प्रमाणपत्र तीन वर्षांत संपून गेलेलं असतं, पण 'आहे आमच्याकडं' म्हणून फाइलला लागतं. पूर्वी क्लार्क नुसतं "आहे का?" विचारायचे आणि "आहे" असं उत्तर मिळायचं. आता विचारतात, "त्यावर शेवटची तारीख काय छापलीय, वाचून दाखव." एवढ्या एका प्रश्नाने तहसीलचा दुसरा हेलपाटा वाचतो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे दाखले जोडून तीन वर्षांचं प्रमाणपत्र मागा, असंही तिथं सांगतात. पुढची दोन वर्षं शिष्यवृत्तीला तेच चालतं.

तिसरं, जात पडताळणी. इथं मराठवाड्याची अडचण इतर भागांपेक्षा वेगळी. पुरावा मानीव दिनांकाच्या (त्या प्रवर्गासाठी शासनाने ठरवलेल्या तारखेच्या) आधीचा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे आजोबा-पणजोबांचे शाळेचे नि महसुली कागद कितीतरी ठिकाणी उर्दूत निघतात. नक्कल मिळवायची, भाषांतर करून घ्यायचं, वंशावळीचं शपथपत्र जोडायचं, यात महिने जातात. म्हणून कक्ष शिफारशीचं पत्र शेवटच्या वर्षाच्या पाचव्या सत्रातच देतो, निकालाची वाट पाहत नाही. आम्हाला विचाराल तर संपूर्ण सेवेतलं सर्वात मोलाचं काम हेच. पडताळणीची नुसती पावती घेऊन कॅपमध्ये उतरलेल्याचं भवितव्य त्या वर्षी शासन किती मुदत देतं त्यावर टांगलेलं असतं. मुदत हुकली की राखीव जागा हातची जाते.

पसंतीक्रमाचा अर्ज आधी कागदावर भरून घेतात, तेही बरोबर. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेरीचा विषय संपतो. "मिळेल ते वर टाक" हा सल्ला कक्षातलीच माणसं देत होती, हे त्यांनी बैठकीत स्वतःहून कबूल केलं. आता नांदेडचं एसजीजीएस किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी हवं असेल तर तेच वर, आणि घराजवळचं खाली.

आता उणं काय ते.

दाखला देण्याची घाई. टीसी निघाली की जुन्या संस्थेचं बोनाफाईड मिळत नाही, आणि महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा दुसरा हप्ता, ग्रंथालयाची अनामत या गोष्टी तशाच लोंबकळतात. नो ड्यूजच्या कागदावर ग्रंथालय, वर्कशॉप, वसतिगृह, लेखा अशा सह्या आहेत, पण शिष्यवृत्तीचा रकानाच नाही. वहीत हे येत नाही, कारण टीसी घेतलेला विद्यार्थी परत या काउंटरवर येतच नाही. तो नव्या कॉलेजच्या काउंटरवर अडतो. महाडीबीटीला नव्या अभ्यासक्रमाचा नवा अर्ज लागतो आणि खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून शंभर टक्के माफ आहे, पण घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असला तरच. हे सगळं एका कागदावर छापून हातात द्यायला काहीच हरकत नाही. अजून दिलेलं नाही.

त्याहून मोठी उणीव गेटच्या बाहेर आहे. बहुतेक शाखांत डिप्लोमाचं गणित पहिल्याच वर्षात संपतं. दोन वर्षांनी हे पोरगं लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात तिसऱ्या सत्राला बसतं तेव्हा समोर लाप्लास, फुरिए, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन आणि संमिश्र चल. त्यात कॅपच्या फेऱ्या लांबल्या की वर्ग आधीच सुरू झालेले. कक्षाच्या लेखी 'प्रवेश झाला' म्हणजे काम फत्ते. गणितात राहिलेलं पोरगं त्यांच्या कुठल्याच वहीत नाही. पाचव्या-सहाव्या सत्रात शनिवारी दोन तास इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशनची उजळणी, आणि ऑक्टोबरमध्ये गेल्या तुकडीतल्या दहाजणांना फोन, एवढं केलं तरी शुक्रवारच्या बैठकीला नवं काम मिळेल. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं करून विद्यापीठात जाणारे पुष्कळ. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 साली अंदाज दिला होता की कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी 43 टक्के श्रेयांक वाया जातात. आपल्याकडं डिप्लोमाच्या बदल्यात पदवीचं अख्खं पहिलं वर्ष मोजून देतात, म्हणून हे नुकसान दिसत नाही. ते तिसऱ्या सत्राच्या निकालात दिसतं.

मानांकनाच्या फाइलसाठी घेतलेल्या अभिप्राय फॉर्मांबद्दल एकच सांगतो: ते टीसीच्या खिडकीवर भरून घेतात. दाखला समोरच्याच्या हातात असताना कोण 'असमाधानकारक' वर टिक करणार? सगळे फॉर्म 'उत्तम'. वही ठेवा, फॉर्म बंद करा.

बीए-बीएस्सीवाल्यांनी इथं येऊ नये, त्यांचं काम निराळं. संभाजीनगरच्या विद्यापीठातून (जालना, बीड, धाराशिव त्यातच) नांदेडच्या विद्यापीठात (लातूर, परभणी, हिंगोली) जायचं तर टीसी, मायग्रेशन आणि पात्रता अर्ज लागतो. एबीसी (श्रेयांक साठवणारी ऑनलाइन बँक) खात्यावर आधीचे श्रेयांक चढलेत का ते निघण्यापूर्वी बघावं. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर तिथंच गाडी अडते.

कक्षात जायचं तर सोमवार टाळा. आठवडी सुट्टीत साठलेली गर्दी असते आणि स्कॅनर एकच आहे. मूळ कागद, दोन झेरॉक्स संच, आधारला जोडलेला मोबाइल स्वतःच्या खिशात. जात वैधता प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या, मागची बाजू राहते म्हणून अर्ज परत आल्याच्या ओळी वहीत अजूनही पडताहेत.