एका टायरचा फोटो, चार टायरचे पैसे

मागचे दोन टायर आता कारखान्याच्या शेडमध्ये पडून आहेत. अंगठ्याचं नख कितीही जोरात दाबलं तरी रबरावर खूण उठत नाही. ही परीक्षा पैसे देण्याआधी करायची असते. मी केली ती चेन्नईत, गाडी गवतात उलट्या तोंडानं उभी राहिल्यावर.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सोलापुरी चादरीच्या नावाखाली भलताच माल खपवणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्यात. सुताची एक बॅग उघडून बघायची आणि बाकीच्याही तशाच असतील असं मानायचं, असा माणूस आमच्या धंद्यात वर्षभर टिकत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी फसलो ते नेमकं इथंच.

गाडी पोर्शची जुनी केमन एस, पुण्यातून सेकंडहँड घेतलेली. आमच्या नानांच्या मते तिच्यात दोन माणसं आणि कडक भाकरीचा एक डबा, एवढंच मावतं. (खरं तर तिला पुढं एक आणि मागं एक अशा दोन डिक्क्या आहेत, पण नानांना कोण समजावणार?) विजापूर रोडवर ती चालवण्यात काही मजा नाही. वर्षातून एक-दोनदा फ्लॅटबेडवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर न्यायची, ३.७ किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या आणि परत यायचं, एवढाच माझा शौक.

या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं आणि मागच्या आसाच्या पुढं, म्हणजे जवळपास मध्यावर असतं. वजन पुढं साधारण ४५ आणि मागं ५५ टक्के. म्हणून टायरही सारखे नसतात. माझ्या गाडीला पुढं २३५/४०, मागं २६५/४० (पहिला आकडा मिलिमीटरमधल्या रुंदीचा), दोन्ही १८ इंची. वजन आणि इंजिनची ताकद दोन्ही मागच्या टायरवर पडतात, त्यामुळं ट्रॅकवर तेच आधी संपतात. साहजिकच जुन्या बाजारात पुढचे टायर बरे मिळतात आणि मागचे चांगले टायर शोधून सापडत नाहीत. ज्यानं मला फसवलं त्याला हे गणित माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत जाहिरात दिसली. परदेशी कंपनीचे ट्रॅकसाठीचे टायर, ट्रेडवेअर १८०, माझ्याच मापाचे चार. "रेस टीमकडून आलेत, फक्त दोन हीट सायकल झाल्यात." हीट सायकल म्हणजे टायर ट्रॅकवर एकदा तापून थंड होणं. असं जितक्या वेळा होईल तितकं रबर कडक होत जातं. भाव होता चौऱ्याऐंशी हजार, नव्याच्या निम्म्याहून कमी. ट्रेडवेअरचा आकडा जितका लहान तितकं रबर साधारण मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी. हे सगळं मला माहीत होतं. अर्धवट माहिती असलेल्या गिऱ्हाइकाला फसवणं सगळ्यात सोपं, कारण तो प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळालं की खूश होतो.

मी प्रश्न विचारला तो टायर कधी बनले याचा. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच मिनिटांत जवळून काढलेला फोटो आला: २२२१. म्हणजे २०२१ चा बाविसावा आठवडा. त्याच्या शेजारी पिवळ्या खडूनं मारलेली फुली. बाकी फोटोंत चारही टायर एकावर एक रचलेले, काळे कुळकुळीत, पॉलिश मारलेले. खोलीमापकानं मोजलेली नक्षी पाच मिलिमीटरच्या वर.

फोटो एका टायरचा होता आणि मी तो चारांचा धरला. शिवाय तारखेसकट पूर्ण आकडा बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला अर्धी ओळच असते. रचलेल्या ढिगात मागच्या टायरची तारखेची बाजू खाली होती, हे मला नंतर कळलं.

"बिल हवं असेल तर अठ्ठावीस टक्के वर पडतील, मालक," असं तो म्हणाला. तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय). मी बिल नको म्हटलं. पैसे त्यानं यूपीआयवर तीन वेगवेगळ्या नावांनी घेतले. तेव्हाही काही खटकलं नाही. चुलतभाऊ म्हणाला होता, "का बे, एका माणसाला तीन नावं कशाला लागतात?" त्याला मी सांगितलं की लिमिट असते.

माल मार्केट यार्डाजवळच्या ट्रान्सपोर्टवर आला. काळं प्लास्टिक गुंडाळलेलं, टायरला उग्र वास. सात रस्त्याकडच्या ज्या दुकानात लो-प्रोफाइल टायर नीट चढवतात तिथं नेले. पुढचे दोन बसले. मागच्या दोघांशी पोरगं बराच वेळ झटत राहिलं. शेवटी घाम पुसत म्हणालं, "मालक, मागचे दोन लय कडक हायती बघा. जुने हायती का?"

मी त्याला समजावलं. ट्रॅकच्या टायरची बाजू ताठच असते, वळणावर दबू नये म्हणून. ते खरंही आहे. पोरगं गप्प बसलं. रिमवर चढताना तारखेची बाजू आत गेली, आणि पुढं पाच आठवडे ती कुणी पाहिली नाही.

चेन्नईत पहिल्या सत्रात पुढची चाकं वळणात अशी घुसत होती की मला हसू येत होतं. मागं मात्र गाडी हलकी वाटत होती. मी हवेला दोष दिला. थंड असताना २८ पीएसआय भरली होती, गरम झाल्यावर ३५ च्या वर गेली. मागची दोनानं कमी केली. दुसऱ्या सत्रात तेच. ट्रॅकवरच्या प्रशिक्षकानं एकच वाक्य सांगितलं: वळणाच्या मध्यात पाय उचलू नकोस.

तिसऱ्या सत्रात मी पाय उचलला. ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढं झुकतं आणि मागचे टायर हलके होतात. पुढं इंजिन असलेल्या गाडीत बहुतेक वेळा पुढची चाकंच आधी घसरतात, गाडी सरळ निघून जाते आणि सावरायला थोडा वेळ मिळतो. इथं वजन मध्यावर गोळा झालेलं असतं. काठीच्या दोन टोकांना वजन बांधून ती हातात फिरवायला जोर लागतो. तेच वजन मध्ये मुठीपाशी बांधलं की काठी गरकन फिरते. म्हणूनच ही गाडी वळणात चपळ असते, आणि मागची पकड सुटली की तितक्याच चपळाईनं फिरते. मी स्टिअरिंग उलटं वळवेपर्यंत दीड चक्कर पूर्ण झाली होती. मागून कुणी येत नव्हतं आणि बाजूला भिंत नव्हती, म्हणून हे लिहायला मी आहे.

शेजारच्या गॅरेजमधल्या एकानं रबराचा कडकपणा मोजायचं छोटं यंत्र आणलं, डायल आणि खाली सुई. पुढच्या टायरला काटा ६४ वर थांबला, मागच्याला ८२ वर. मग चाकं काढली. आतल्या बाजूला पुढच्या दोन्हींवर २२२१. मागं एकावर ३११५, दुसऱ्यावर ०८१६. म्हणजे आठ-नऊ वर्षांचे, आणि दोघंही एका जोडीचे नव्हते. नक्षी खोल होती कारण ते फारसे वापरलेच नव्हते, कुठंतरी नुसते पडून होते. पत्र्याखाली, बहुधा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली रबराचं काय होतं ते आम्हाला लूमवरच्या पट्ट्यांवरून पाठ आहे.

चार टायर सगळेच म्हातारे निघाले असते तर मी पहिल्याच फेरीत सावध झालो असतो, गाडी सगळीकडूनच घसरली असती. पुढं ताजे आणि मागं दगड, हीच जोडणी या गाडीला सगळ्यात घातक. त्यानं ती मला मारायला नक्कीच केली नव्हती. पुढचे दोन चांगले मिळाले आणि मागचे मिळेनात, म्हणून पडलेले काहीतरी लावून चारचा संच पुरा केला, एवढंच.

फोन केला तर, "ट्रॅकच्या टायरला वॉरंटी नसते, मालक." दुसऱ्या दिवशी ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिलाच प्रश्न आला की बिल आहे का, विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता काय. माझ्याकडे तीन नावं होती आणि तिन्ही त्याची नव्हती.

आता वापरलेले टायर घ्यायची वेळ आली तर मी फोटो मागत नाही, व्हिडिओ मागतो. कॅमेरा न थांबवता चारही टायर, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू, माप आणि तारीख दिसेल असे. सोबत त्या दिवशीचं वर्तमानपत्र. कुणी कुरकुरलं की तिथंच सोडतो. कडकपणा मोजायचं यंत्रही घेतलंय, ते टायरपेक्षा फार स्वस्त मिळतं. आणि मागचे दोन तरी मी जुने घेत नाही. सध्या चारही नवे, एकाच मॉडेलचे, ट्रेडवेअर ३०० चे आहेत. फेरीला दोनेक सेकंद जास्त लागतात. आपण कुठं बक्षीस आणायला चाललोय!

टायर चढवणाऱ्या पोराला परवा भेटलो, नवे टायर त्यानंच चढवले. मजुरी घेताना तो काही बोलला नाही, फक्त नवा मागचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि माझ्याकडे पाहिलं.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, गाव नवं, भाव पाच हजारांनी वर. तारखेचा फोटो तोच, २२२१, शेजारी पिवळ्या खडूची फुली. तो पुढचा टायरही आता माझ्याच शेडमध्ये आहे. फुली अजून पुसलेली नाही.