मेक्सिको सिटीत ओफ्रेंदाची खरेदी : मेर्कादो हामाइका

दिया दे मुएर्तोस म्हणजे इथला पितरांचा सण. त्यासाठी घरात ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीची आरास, मांडायची असेल तर सामान मेर्कादो हामाइकातूनच आणा. एका वर्षी मी सुपरमार्केटातला तयार संच घेतला होता. त्यातल्या पताका प्लास्टिकच्या आणि झेंडू कापडाचा, म्हणजे पैसे पाण्यात.

१९५७ पासूनचा हा फुलबाजार चोवीस तास उघडा असतो. ऑक्टोबरच्या शेवटी दुपारी नुसती ढकलाढकली, त्यामुळे पहाटेच गाठा. झेंडू, इथला सेंपासुचिल, जुड्यांनी मिळतो. देठ बुळबुळीत लागला तर जुडी खाली ठेवायची. सोबत कोंबड्याची गर्द किरमिजी फुलं हवीतच, त्याशिवाय केशरी खुलत नाही. पितरांना वाट सापडावी म्हणून दारापासून पाकळ्या पसरतात, तेव्हा हात आखडता घेऊ नका. (झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही.)

कोपाल, म्हणजे धुपासारखा जाळायचा डिंक, मात्र वास घेतल्याशिवाय घेऊ नये. एका मावशींनी निखाऱ्यावर दोन-तीन प्रकारचे खडे टाकून दाखवले. पांढरा महाग आहे, पण धूर डोळ्यांना झोंबत नाही आणि वास जरा लिंबाकडे झुकतो. काळपट खडे स्वस्त, पण डांबरट वाटले.

साखरेच्या कवटीवर कपाळाला नाव घालून देतात. मी सासऱ्यांचं ‘अण्णा’ सांगितलं, पोराने बाईचं ‘आना’ समजून चार गुलाबी फुलंही काढून दिली. आम्ही तीच ठेवली. अण्णांना चाललं असतं.

पाणी, मीठ, मेणबत्त्या, फोटो हे घरचंच. पान दे मुएर्तो, म्हणजे या सणाचा गोड पाव, इथून घेऊ नका. त्याच दिवशी गल्लीतल्या बेकरीतून ताजा आणा. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की गेलेल्या माणसाचे शौकही बिनदिक्कत मांडतात. सर्वपित्रीला आपण खीर-वडे करतो, फार तर आवडीची एखादी भाजी. डॉक्टरांनी बंद केलेली बिडी पानात कोण वाढतं? इथे शेजारणीने नवऱ्यासाठी सिगारेटचं पाकीट आणि तेकिला ठेवली, म्हणून मीही अण्णांची बिडी ठेवली, काडेपेटीसकट.

मेट्रो हामाइका, चार आणि नऊ नंबरची लाइन. फलकावर मक्याचं कणीस दिसलं की उतरा. गाडी नेऊ नका. परतताना उआराचे, म्हणजे वर सारण घातलेली मक्याची जाड लांबट पोळी, खा. शाकाहारी असाल तर निवडुंगाचा सांगा, ‘सिन कार्ने’ (मांस नको) मात्र दोनदा बजावून.