झोटेरो की मेंडली?

एम.टेक.च्या प्रबंधाचे संदर्भ कशात सांभाळू, असं धाकट्या बहिणीनं विचारलं. झोटेरो आणि मेंडली ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. पण ऑनलाइन जागा मेंडलीत २ जीबी, झोटेरोत फक्त ३०० एमबी. पीडीएफ टाकत गेलं की भरलीच. (फायली स्वतःच्या लॅपटॉपवरच ठेवल्या तर हा प्रश्न उरत नाही.)

लाटेकमध्ये (शास्त्रीय लेखनासाठीची मजकूर-मांडणी प्रणाली) लिहिणाऱ्याला मात्र झोटेरोच सोयीचं. बेटर बिबटेक्स हे पूरक सॉफ्टवेअर जोडलं की लाटेक जिच्यातून संदर्भ घेतं ती बिब फाइल आपोआप अद्ययावत राहते. शिवाय झोटेरो मुक्तस्रोत आहे. मेंडली २०१३पासून एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या मालकीची, तिची मोबाइल ॲप २०२१मध्ये बंद झाली. आर्काइव्हवरच्या (arXiv, शोधनिबंधांचं खुलं संकेतस्थळ) नोंदी दोन्हीकडे हातानं तपासा, परिषदेचं नाव बरेचदा नसतंच.

वर्डमध्ये लिहायचं आणि पीडीएफचा ढीग ऑनलाइन हवा, तर मेंडली चालेल. लाटेक आणि पुढे पीएच.डी. डोक्यात असेल तर झोटेरो.