राजारामपुरीतला सर्व्हरवाला: कामाला चोख, वेळेला ढिला

दुकानाचं नाव टाकू नका, असं त्याचंच म्हणणं. आहे ती कामं उरकत नाहीत म्हणे.

आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. ऑफिसात एक प्रॉक्समॉक्स सर्व्हर (एकाच डब्यात अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा), त्यावर टॅलीचं विंडोज मशीन, हजेरीचं सॉफ्टवेअर आणि ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर. या सगळ्यांचा डेटा मात्र वेगळ्या डब्यात, ट्रूनास या स्टोरेज सिस्टिमवर, साध्या हार्ड डिस्कवर, नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या एनएफएसनं जोडलेला. पावसाळ्यापासून व्हाउचर सेव्ह केलं की अकाउंटंटबाईंचा चहा संपायचा, पण स्क्रीन हलायची नाही. जुन्या व्हेंडरनं जागेवर न येताच ‘सगळ्या डिस्क काढून एसएसडी (चिपवाल्या वेगवान डिस्क) टाका’ म्हणून कोटेशन धाडलं. आकडा बघून मालक म्हणाले, “एवढ्यात ओतकामाचा नवा पॅटर्न होतोय की!”

या गड्यानं आल्या आल्या डिस्कला हातच लावला नाही. आधी सर्व्हर आणि स्टोरेजमध्ये नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ चालवलं. सेकंदाला ९४ मेगाबिट. “भावा, गिगाबिटची लाइन शंभरवर चाललीया,” म्हणाला. स्विचपासून केबल धरत गेला, तर स्टोरेजच्या टोकाच्या प्लगच्या पिना ओलीनं हिरव्या पडलेल्या. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून लाइन तुटत नव्हती, नुसती रांगत होती. प्लग कापून नवा दाबून बसवला (क्रिंप केला), आकडा ९४० वर.

दुसरा कोणी असता तर इथंच बिल फाडलं असतं. मोठी फाइल आता सेकंदाला ११० मेगाबाइटनं जात होती, पण टॅली तशीच अडखळत होती. मग त्यानं डिस्कचा वेग मोजणारं एफआयओ लावून बारीक बारीक ‘सिंक राइट’, म्हणजे लिहून झाल्याची पोच मागणारी लिखाणं, मोजली. तिथं डिस्क पार झोपल्या होत्या. टॅली म्हणते ‘लिहिलंस का ते सांग’, आणि ट्रूनासमधली फाइल सिस्टिम झेडएफएस खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय ‘हो’ म्हणत नाही. चाचणीसाठी वेगळ्या काढलेल्या जागेवर (डेटासेटवर) सिंक, म्हणजे ही पोचेची वाट बघणं, बंद करून दाखवलं, आकडे एकदम वर गेले. मी म्हटलं, असंच ठेवूया की. त्यानं साफ नकार दिला. “लाइट गेली नि यूपीएस दमला, तर शेवटच्या काही सेकंदांच्या एंट्र्या गेल्या. मशीनला वाटणार लिहिलंय, डिस्कवर काहीच नाही. वर व्हीएमची डिस्कच बिघडली तर मला बोलवू नका.”

त्याऐवजी वीज गेली तरी हातातला डेटा सांभाळणारी, कपॅसिटरवाली एक छोटी एसएसडी फक्त झेडएफएसच्या लॉगसाठी, म्हणजे ती बारीक लिखाणं आधी पटकन टिपून ‘हो’ म्हणायला, लावली. वाचायचा वेग यानं वाढणार नाही, हे त्यानं पैसे घ्यायच्या आधीच सांगितलं. ड्रॉइंग उघडायला ही एसएसडी लावायच्या आधीएवढाच वेळ लागतो, तक्रार नाही. जम्बो फ्रेमचं, म्हणजे नेटवर्कवर डेटाची मोठी पाकिटं (९००० बाइटची) पाठवायचं, मी विचारलं तर म्हणाला, सर्व्हर, स्विच, स्टोरेज तिन्हीकडं ९००० सारखं नसेल तर नसतं दुखणं, राहू दे.

आता उणं. येतो म्हणून दोनदा आला नाही, फोनही उचलला नाही. काय बदललं ते लिहून मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला, तोही तिरका. जीएसटी बिलासाठी मागं लागावं लागलं. पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला एक फक्त त्या फोनसाठी.