एक खुर्ची, दोन अध्यक्ष

२ एप्रिल १८६५, रविवार. अमेरिकन यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आपल्या राजधानीत, रिचमंडच्या चर्चमध्ये बसले असताना त्यांच्या सेनापतीचा, जनरल लीचा निरोप आला: आता फळी राखता येत नाही. त्याच रात्री ते रेल्वेने डॅनव्हिलला निघाले. ४ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन धाकट्या मुलाचा, टॅडचा हात धरून त्याच जळक्या शहरातून चालत गेले. टॅडचा तो बारावा वाढदिवस. डेव्हिस यांच्या कचेरीतल्या खुर्चीत ते टेकले आणि प्यायला पाणी मागितलं. चार वर्षांच्या रक्तपातानंतर जिंकलेल्या माणसाने काय मागावं, तर पेलाभर पाणी! हे दृश्य माझ्या मनातून जात नाही.

त्याच दिवशी डॅनव्हिलहून डेव्हिस यांनी लढा चालूच राहील असं जाहीर केलं. ९ एप्रिलला ली शरण आला, तरी त्यांचा हेका सुटला नाही. लिंकनना मात्र सूड नको होता. लिंकन यांच्या सेनापतीने, ग्रँटने शरण आलेल्यांना नांगरणीसाठी आपापले घोडे नेऊ दिले, ते याच धोरणाला धरून. मला हाच मार्ग मोठा वाटतो. हरलेल्यांच्या घरीही पेरणी व्हायची होतीच.

१४ एप्रिलला लिंकनना गोळी घातली गेली. डेव्हिस १० मे रोजी जॉर्जियात पकडले गेले, दोन वर्षांनी सुटले आणि १८८९ पर्यंत जगले.