गार्मिन ईट्रेक्स २२एक्स: पावसाळा ते उन्हाळा, हँडलवरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल. गाडीवाटांवर, पाणंदींतून, कोकणातल्या कातळी पठारांवरून म्हणजे सड्यांवरून बाइक चालवायची असेल आणि वाट चुकू नये एवढीच अपेक्षा असेल, तर बटणांचा हा छोटा, जुनाट दिसणारा जीपीएस उत्तम आहे. पुण्यात कुणाच्या घरचा पत्ता शोधायला मात्र घेऊ नका, त्या कामाला फोनच बरा. आणि वापरायला सोपा आहे का? गाडीवर बसल्यावर, हो. घरी टेबलावर, अजिबात नाही. दुकानात किंवा व्हिडिओत जो सोपेपणा दाखवतात तो टेबलावरचा असतो. मला हवा होता तो चिखलात, ओल्या हातमोज्यांनी, धाप लागलेली असताना उपयोगी पडणारा.

फोनवर माझा राग नाही. ओएसएमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये नकाशे आधी उतरवून ठेवले की रेंज नसतानाही काम चालतं. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला सिमकार्ड लागतच नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना पटत नाही. अडचण आहे पाण्याची. जुलैत ताम्हिणीत स्क्रीनवर पडणारा थेंब फोनला बोटच वाटतो. नकाशा आपोआप सरकतो, झूम होतो, एखाद्या वेळी भलत्यालाच फोन लागतो. ओल्या हातमोज्याला मात्र तोच फोन दाद देत नाही. चार्जिंगच्या पोर्टात ओल गेली की तो चार्ज व्हायलाही नकार देतो. एप्रिलच्या दुपारी उलटा प्रकार: हँडलवर तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग फोन बंद पडतो. त्यात इंजिनाची थरथर. जास्त ताकदीच्या मोटरसायकलींची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकतात, असं खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये सपोर्टच्या पानावर लिहून ठेवलंय. हिमालयन ४५० मोटरसायकलच्या गोल डॅशबोर्डवर गुगलचा नकाशा दिसतो खरा, पण तो येतो फोनवरूनच.

स्वतंत्र यंत्र घ्यायचं ठरल्यावर बाइकवाल्यांत पहिलं नाव निघतं गार्मिनच्याच झूमो एक्सटीचं. साडेपाच इंची पडदा, भर उन्हात दिसणारा, हातमोज्यांनी चालणारा. मित्राच्या गाडीवर वापरून पाहिला, आवडला. २०२० मध्ये तो अमेरिकेत सुमारे ५०० डॉलरला आला होता आणि ईट्रेक्स २२एक्स २०१९ मध्ये सुमारे २०० डॉलरला, यावरून दोघांतलं अंतर कळेल. लांबच्या प्रवासाला, लडाखला जाणाऱ्याला तो शोभतो. आमच्या वाटांवर गाडी महिन्यातून एकदा तरी आडवी होते, आणि एवढा महाग पडदा हँडलवर लावून मी दगडांत मोकळ्या मनाने गाडी घालू शकलो नसतो. दुसऱ्या टोकाला ईट्रेक्स एसई: दोन सेलवर १६८ तास चालतो असा कंपनीचा दावा आहे, पण पडदा काळापांढरा आणि नकाशा नाही. नुसत्या रेघेवर आपलं भागत नाही. समोरचा ओढा ओलांडला की पलीकडे वाडी आहे की कडा, हे दिसायला हवं.

२२एक्सचा पडदा २.२ इंची. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हसतो. रंग फिके, रेषा जाड, नकाशा सरकवला की नव्याने उमटायला वेळ लागतो. पण हा पडदा मागच्या दिव्यावर अवलंबून नाही. ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट दिसतो. उलट संधिप्रकाशात आणि गर्द झाडीत दिवा लावावा लागतो. बटणं कडेला आहेत आणि पुढे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी. उभं राहून गाडी चालवतानाही झूमचं बटण न बघता सापडतं. मला वाटेवर लागतात फक्त तीन गोष्टी: झूम, मागे जा, आणि इथे खूण कर. तीनही हातमोजा न काढता होतात. सोपं म्हणजे मी यालाच म्हणतो.

आता टेबलावरची कटकट. इथे निदान एक रविवार जातो, आणि तो घालवलाच नाही तर यंत्राला शिव्या घालण्यात अर्थ नाही. आपल्या वाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून तयार केलेला गार्मिनचा नकाशा फुकट मिळतो. ती आयएमजी फाइल मायक्रोएसडी कार्डावर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. कार्डाची खाच सेलच्या खाली आहे. गावांची नावं रोमन लिपीतली असलेला नकाशा निवडा. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘लॉक ऑन रोड’ बंद करा. ते चालू असेल तर तुमची जागा दाखवणारा त्रिकोण जवळच्या रस्त्यावर खेचून बसवला जातो. तुम्ही माळावर पन्नास मीटर भरकटलेले असता आणि पडद्यावर मात्र रस्त्यावर दिसता. मार्ग नव्याने काढण्याची सोयही बंदच ठेवा. नकाशा उत्तरेकडे तोंड करून न ठेवता जाण्याच्या दिशेने फिरता ठेवा. पायवाटांच्या जाळ्यात ८० मीटरचा झूम, मोकळ्यावर २००चा.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती ट्रॅक आणि रूट यांच्या गोंधळात. वाटा साठवायच्या जीपीएक्स फाइलमध्ये दोन्ही असू शकतात. ट्रॅक म्हणजे कुणीतरी गेलेल्या वाटेची बिंदूबिंदूंची रेघ, ती आहे तशीच दिसते. रूट म्हणजे काही थांबे, ज्यांच्यामधली वाट यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवतं. मित्राने पाठवलेली रूटची फाइल तुमच्या यंत्रात भलतीकडूनच जाते ती यामुळे. मी रूट वापरतच नाही. फाइल ट्रॅकमध्ये बदलून घ्यायची, रंग गडद जांभळा द्यायचा, नकाशावर दाखवायची आणि तिच्या शेजारून चालत राहायचं. यंत्र बोलत नाही, वळा म्हणत नाही. त्यामुळे डोळे वाटेवर राहतात आणि पडद्याकडे फक्त फाट्यावर बघावं लागतं.

आणि फाटा म्हटलं की २२एक्सची खरी उणीव पुढे येते. याच्यात होकायंत्र नाही. आपण हलत असलो तरच त्याला आपली दिशा कळते. तीन वाटा फुटलेल्या ठिकाणी गाडी थांबवली की बाण कुठेही भिरभिरतो. उपाय एकच: एक वाट धरून वीस-तीस मीटर जायचं, त्रिकोण रेघेवर राहतो की सुटतो ते बघायचं, सुटला तर परत. चढावर, सैल दगडांत हे परत फिरणं जीवावर येतं. याच मालिकेतल्या ईट्रेक्स ३२एक्समध्ये तीन अक्षांचं होकायंत्र आहे, शिवाय हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक. फरकाचे पैसे परवडत असतील तर डोळे झाकून ३२एक्स घ्या. घाटवाटांवर उतरणाऱ्या ट्रेकरला तर तोच हवा.

लोणावळ्याहून आंबवणे, सालतर, भांबर्डे करत पिंपरी आणि तिथून ताम्हिणी हा रस्ता आता बराचसा सर्वांच्या ओळखीचा झालाय, तिथे जीपीएसची गरज नाही. खरी परीक्षा झाली ती पानशेतच्या मागे, घोळ आणि दापसरच्या बाजूला. नकाशावर तुटक रेघ दिसते. ती कुणीतरी उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेली असते. छायाचित्रात वाट दिसते. तिच्यावर पावसाने पाडलेली घळ, शेतकऱ्याने घातलेली बोराटी, शेवटी येणाऱ्या पायऱ्या यातलं काही दिसत नाही. त्यामुळे नकाशातल्या रेघेवर माझा विश्वास कमी आणि गेल्या हिवाळ्यात बाइकनेच कुणी नोंदवलेल्या ट्रॅकवर जास्त. तरीही वाडीत थांबून विचारायचंच. ‘गाडी जाते का?’ असं विचारलं की हमखास ‘जाते की’ हेच उत्तर मिळतं. ‘शेवटची गाडी कधी गेली, ट्रॅक्टर की मोटरसायकल?’ असं विचारलं की खरी माहिती मिळते.

चुकल्यावर मात्र हे यंत्र सोनं आहे. आपण आलो ती वाट ते मुकाट्याने नोंदवत असतं, आणि ‘ट्रॅकबॅक’ दाबलं की त्याच रेघेवरून परत नेतं. अंधार पडल्यावर, धुकं उतरल्यावर, सगळे टेपाड सारखेच दिसू लागल्यावर ही एक गोष्ट सगळ्या किमतीची वसुली करते.

कोकणातल्या सड्यांवर अनुभव वेगळा. रत्नागिरी-राजापूरकडचा जांभ्याचा सडा म्हणजे वाट नसलेला प्रदेश, किंवा सगळीच वाट. चाकोऱ्या फुटतात, मिळतात, पुन्हा फुटतात. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की त्याही दिसत नाहीत. तिथे उघडं आकाश असल्याने स्थान अगदी तीन-पाच मीटरांत मिळतं, रेघेवरून गाडी सहज जाते. पण तिथेच एक जबाबदारी येते. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी या गावांच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातली ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे आणि खोदकाम उथळ. काही चित्रांभोवती दगडांची कड घातलीय, कित्येकांभोवती काहीच नाही. मी माहीत असलेल्या प्रत्येक ठिकाणाचा वेपॉइंट म्हणजे नकाशावरची खूण टाकून त्याभोवती ‘प्रॉक्सिमिटी अलार्म’, म्हणजे जवळ गेलं की मिळणारा इशारा, लावलाय. हेल्मेटमध्ये बीप ऐकू येत नाही, पण पडद्यावर पाटी येते, आणि गाडी लांब लावून पायी जाता येतं. गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी कष्टाने शोधलेल्या चित्रावरून टायर फिरवणाऱ्याला माफी नसावी.

अभयारण्यांच्या हद्दींचंही तेच. ताम्हिणी, सुधागड, भीमाशंकर, कोयना या परिसरात नकाशावर वाट दिसते म्हणून गाडी घालायची नाही. परवानगीशिवाय आत वाहन नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वनरक्षकाला तुमची जांभळी रेघ दाखवून उपयोग नाही. हद्दीची रेघ जाड लाल रंगात वेगळा ट्रॅक म्हणून टाकून ठेवली की वाद मिटतो.

घनदाट झाडीत आणि उभ्या कड्यांच्या कुशीत अचूकता घसरते, कारण आकाशाचा तुकडाच लहान होतो आणि सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो. हे सगळ्याच जीपीएसचं आहे. जीपीएसच्या जोडीला रशियाच्या उपग्रहांचं ग्लोनास चालू ठेवलं की थोडा फरक पडतो, सेल जरा लवकर संपतात. धुक्यात कड्याच्या अंगाने जाताना पडद्यावर विसंबू नये, दहा मीटरची चूक तिथे फार मोठी असते.

सेलबद्दल: दोन डबल-ए, कागदावर २५ तास. दिवा वापरला की कमी, तरी दोन दिवसांची फेरी आरामात. मी रिचार्जेबल वापरतो. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरलात तर बॅटरीची खूण उगाच घाबरवते. बाइकच्या यूएसबीवर यंत्र चालतं, पण आतले सेल चार्ज होत नाहीत. पोर्ट मिनी-यूएसबी आहे, ती वायर आता घरात शोधावी लागते. पोर्टवरचं रबरी झाकण उघडं ठेवून पावसात वायर लावू नका. डबल-ए सेलवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्रात थरथरीने सेलचा संपर्क क्षणभर सुटून ते बंद पडू शकतं. सेलच्या पाठीशी सायकल ट्यूबचा पातळ तुकडा दाबून बसवला की प्रश्न मिटतो. हँडलवर क्लिपचा माउंट आहे, पण कंपनीच्या कुठल्याही माउंटवर एकट्यावर भरवसा नको. दोरीचा फास हँडलला हवाच.

मेसेज पाठवणारी उपग्रह यंत्रं परदेशातून आणण्याचा विचार असेल तर थांबा. नुसता जीपीएस फक्त सिग्नल घेतो, त्याची गोष्ट वेगळी. उपग्रहाकडे संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी परदेशी पर्यटक अडकल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. परदेशातल्या नातेवाइकांना यादी पाठवताना मॉडेलचं नाव नीट लिहा.

जुना घेणार असाल तर सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवर हिरवट गंज आहे का बघा, अंगठ्याची दांडी चारही दिशांना चालवून पाहा, मिनी-यूएसबीला लॅपटॉप लावून ड्राइव्ह उघडतो का तपासा, आणि मोकळ्या मैदानात नेऊन जागा पकडायला किती वेळ लागतो ते मोजा. पहिल्यांदा काही मिनिटं लागली तर घाबरू नका. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची माहिती नव्याने गोळा करावी लागते. कडेचं रबर सुटलं असेल तर भाव पाडून मागा, ते चिकटवता येतं.